‘क’ नळी दरवेळी कमी का भरते?

प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. सोलापुरातच एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: डाळिंबाच्या वाळलेल्या सालीची पूड अर्धा ग्रॅम, त्यात 70 टक्के मिथेनॉल 25 मिली, आणि साध्या 40 किलोहर्ट्झच्या बाथ सॉनिकेटरमध्ये, म्हणजे कानाला न ऐकू येणारा आवाज पाण्यात सोडणाऱ्या टाकीत, 10, 20, 30, 45 आणि 60 मिनिटं. प्रत्येक वेळेसाठी अ, ब, क अशा तीन नळ्या. मग फोलिन-सिओकाल्टूने, म्हणजे फिनॉलशी निळा रंग देणाऱ्या रसायनाने, एकूण फिनॉल मोजले. आकडे 30 मिनिटांपर्यंत चढतात आणि पुढे उतरतात, शिवाय तीन नळ्यांचा आपसात मेळ नाही. सर म्हणतात बाथ कुचकामी आहे, प्रोब (थेट द्रावणात बुडवायची आवाजाची दांडी) मागवू. मागवावा का?

माझं मत विचाराल तर एवढ्यात मागवू नका. प्रोबने अर्क लवकर निघतो हे खरं, पण अर्क कमी निघतोय ही तुमची अडचण नाहीच. तुमच्या तक्त्यात दोन वेगळे आजार आहेत आणि तुम्ही दोन्हींवर एकच औषध शोधताय. नळ्या एकमेकींशी जुळत नाहीत हा एक आजार, 30 मिनिटांनंतर आकडा उतरतो हा दुसरा. पहिल्याचं कारण मला टाकीत दिसतं आणि दुसऱ्याचं तापमानात. ‘दिसतं’ म्हणते, कारण तुमचा बाथ मी पाहिलेला नाही, नळ्यांना झाकण होतं का हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पाण्याचं तापमान तर कुठेच नाही. तरी तुमचा तक्ता बरंच काही बोलतो.

तो पुन्हा बघा. पाच वेळा प्रयोग केलात आणि पाचही वेळा ‘क’ नळीचा आकडा सगळ्यात खाली आहे. सहज होणारी चूक कधी अ वर बसते, कधी ब वर. ती एकाच नळीवर असा डूख धरून बसत नाही. म्हणजे ‘क’मध्ये काहीतरी ठरून वेगळं घडतंय. तुम्ही स्टँडमध्ये नळ्या डावीकडून उजवीकडे अ, ब, क अशाच लावत असणार. सगळेच लावतात. मग ‘क’ दरवेळी टाकीच्या त्याच कोपऱ्यात गेली.

बाथच्या टाकीत आवाज सगळीकडे सारखा नसतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण 1500 मीटर. 40 किलोहर्ट्झला तरंगलांबी झाली सुमारे 37 मिलिमीटर. तळाकडून वर जाणारी लाट पाण्याच्या पृष्ठभागावरून परत फिरते आणि दोन लाटा मिळून टाकीत जागच्या जागी थरथरणारे पट्टे तयार होतात. जोराचा एक पट्टा आणि त्याच्या पुढचा जोराचा पट्टा यांच्यात जेमतेम 19 मिलिमीटर अंतर, आणि त्या दोघांच्या मधोमध जवळजवळ शांतता. म्हणजे नळी 9-10 मिलिमीटर वर-खाली झाली, पाण्याची पातळी बोटाच्या अर्ध्या पेराएवढी बदलली, की नळीच्या वाट्याला येणारा आवाज बदलला. पाणी किती भरायचं ते टाकीवर मार्करने रेघ मारून ठेवा असं मी सगळ्यांना सांगते, आणि सगळे हसतात.

आणि हा आवाज करतो काय? पाण्यात किंवा मिथेनॉलमध्ये सूक्ष्म बुडबुडे उठतात, फुगतात आणि एका क्षणात कोसळतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. कोसळताना बुडबुड्याच्या पोटात हजारो अंश तापमान आणि शेकडो वातावरणांएवढा दाब क्षणभर तयार होतो. पण सालीच्या कणाजवळचा बुडबुडा सगळ्या बाजूंनी सारखा कोसळू शकत नाही, कारण एका बाजूला कण असतो. त्यामुळे तो कणाच्या दिशेने द्रवाची बारीक पिचकारी मारतो. पेशीभित्तिका फाटतात, द्रावक आत शिरतं, आतलं बाहेर येतं. रात्रभर भिजवून जे होतं तेच इथे मिनिटांत होतं. जिथे बुडबुडे नाहीत तिथे मात्र तुमची नळी नुसती कोमट पाण्यात उभी आहे.

टाकीत कुठे जोर आहे हे बघायला काही विकत घ्यावं लागत नाही. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल घ्या, टाकीच्या लांबीएवढा तुकडा कापा, पाण्यात उभा धरा आणि मिनिटभर बाथ चालू करा. जिथे कॅव्हिटेशन जोरात आहे तिथे फॉइलवर खड्डे आणि भोकं पडतात, बाकी ठिकाणी ती कोरी राहते. खिडकीसमोर धरली की टाकीचा नकाशाच दिसतो. चाचणीनंतर पाणी बदला, फॉइलचे तुकडे तळाशी राहू देऊ नका.

ही युक्ती मी हौसेने शिकले नाही. मी 22 वर्षं इथल्या एका तपासणी प्रयोगशाळेत आहे. आधी टॉवेल-चादरीचे रंग आणि रसायनं, अलीकडे डाळिंब जास्त. एका मे महिन्यात आमचे आकडे असेच डुगडुगायला लागले. दोन आठवडे मी एचपीएलसीच्या (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) कॉलमला दोष दिला, तो धुतला, बदलला, नवीन स्टँडर्ड बनवलं. शेवटी एका सहकाऱ्याने फॉइल धरली, तर अर्धी चाळण झालेली आणि अर्धी अगदी कोरी. तळाला चिकटवलेल्या ट्रान्सड्यूसरांपैकी, म्हणजे विजेचा आवाज करणाऱ्या चकत्यांपैकी, एक सुटला होता. बाहेरून बाथ पूर्वीसारखाच गुणगुणत होता. तेव्हापासून दर महिन्याला एक फॉइल काढतो आणि तारीख घालून वहीत चिकटवतो.

नळ्या ठेवण्याबद्दल दोन-तीन गोष्टी. त्या तळावर टेकवू नका. टाकीला इजा होते आणि आवाजही नीट पोचत नाही. तारेच्या जाळीत किंवा क्लँपला लटकवा. नळीतल्या द्रावकाची पातळी बाहेरच्या पाण्याच्या पातळीइतकी किंवा किंचित खाली हवी. काच वापरा, जाड प्लास्टिक आवाज पिऊन टाकतं. एका वेळी टाकीत नळ्या किती, हेही ठरवून ठेवा. तीन नळ्या आणि बारा नळ्या यांना मिळणारा आवाज सारखा नसतो. नव्याने भरलेल्या पाण्यात हवा विरघळलेली असते आणि ती आवाज खाते, म्हणून नळ्या सोडण्याआधी बाथ दहा मिनिटं नुसत्या पाण्यावर चालवा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब टाकला तर पृष्ठताण कमी होऊन बुडबुडे सोपे उठतात. पाणी शक्यतो आरओचं घ्या. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे तेच ते पाणी आठवडाभर टाकीत ठेवायची सवय सगळ्या प्रयोगशाळांना आहे. क्षारांचा थर बसला की बाथचं आयुष्यही कमी होतं.

आता दुसरा आजार, उतरणारा आकडा. तुम्ही लिहिलंय की पाचही वेळा एकाच दिवशी, ओळीने केल्या. आधी 10 मिनिटं, मग 20, असं करत शेवटी 60. मधे पाणी बदललं का? बहुतेक नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच दुपारी 38-40 अंशांवर असतं. बाथ आपली ऊर्जा शेवटी उष्णतेतच टाकतो, म्हणून तो पाणी सतत तापवत राहतो. तुमची 10 मिनिटांची नळी सकाळच्या तिशीतल्या पाण्यात बसली, आणि 60 मिनिटांची नळी दुपारी, आधीच शंभरेक मिनिटं तापलेल्या पाण्यात. तुम्हाला वाटलं वेळ बदलतोय, पण वेळेचा हात धरून तापमानही बदलत गेलं. त्या आलेखाच्या आडव्या अक्षावर ‘मिनिटं’ लिहिलंय, पण त्यात अंशही मिसळलेले आहेत.

इथे एक नेहमीचं स्पष्टीकरण तुम्हाला कोणीतरी देईल: पाणी तापलं की बुडबुड्यांत वाफ भरते, ते मऊ पडतात, कोसळण्याचा जोर कमी होतो, म्हणून अर्क कमी. पहिला भाग बरोबर आहे. पण त्याने आकडा उतरत नाही, चढायचा थांबतो. एकदा बाहेर आलेला फिनॉल जोर कमी झाला म्हणून सालीत परत जात नाही. आकडा खरोखर उतरत असेल तर कुठेतरी काहीतरी नाहीसं होतंय. आणि नळ्या उघड्या असतील तर मिथेनॉल उडून द्रावण घट्ट व्हायला हवं, म्हणजे आकडा उलट वाढायला हवा. तो तरीही उतरला असेल, तर घट दिसते त्याहून मोठी आहे.

नाहीसं होण्याच्या वाटा बऱ्याच. डाळिंबाच्या सालीतला मुख्य माल म्हणजे प्युनिकॅलॅजिन. तो मोठा रेणू पाण्यात तापवला की तुटतो आणि त्यातून इलॅजिक ॲसिड सुटतं. इलॅजिक ॲसिड पाण्यात फारच कमी विरघळतं, साका होऊन खाली बसतं आणि तुमच्या फिल्टरवर राहून जातं. दुसरी वाट ऑक्सिडेशनची. बुडबुडे कोसळताना पाण्याचे रेणू तुटून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतात हे पुस्तकात असतं, पण तुमच्या नळीतलं मिथेनॉल स्वतःच ते गिळतं, म्हणून मी पहिला संशय उष्णतेवर घेईन. तिसरी वाट अगदी घरगुती आहे: सकाळचे अर्क टेबलावर उघडे राहिले का, फोलिनचा निळा रंग सगळ्या नळ्यांचा सारख्याच मिनिटाला वाचला का? यांपैकी तुमच्याकडे काय झालं हे इथे बसून सांगता येणार नाही. पण उतार खरा आहे की भासाचा हे एका दिवसात कळेल. क्रम उलटा करा, 60 आधी आणि 10 शेवटी, आणि प्रत्येक वेळी पाणी बदलून तेच तापमान ठेवा. मी 30 अंश धरते. बाथमध्ये थंड करायची सोय नसली तर बर्फाच्या पिशव्या टाकून दोन-तीन अंशांच्या आत ठेवता येतं, फक्त पाण्याची पातळी रेघेवर ठेवा.

झाकणाबाबत: झाकण लावून नळीचं वजन करा, बाथनंतर बाहेरून पुसून, गार करून पुन्हा करा. जेवढं कमी झालं तेवढं त्याच द्रावकाने भरून काढा. डोळ्यांनी 25 मिलीच्या खुणेपर्यंत भरू नका, पुडीनेही जागा घेतलेली असते.

याच दिवशी एक प्रयोग मात्र नक्की करा, जो विद्यार्थी हमखास गाळतात. तीच पूड, तेच द्रावक, तेच तापमान, तेवढाच वेळ, पण आवाज नाही. साध्या वॉटर बाथमध्ये मधून मधून हलवत. आमच्याकडे तिला मुकी नळी म्हणतात. मुक्या नळीत बोलक्या नळीच्या नव्वद टक्के अर्क आला तर समजा की तुमच्या बाथचं कौतुक खरं तर गरम मिथेनॉलचं आहे. बारीक दळलेल्या सालीत हे अनेकदा होतं. आवाजाची खरी मदत जाडसर, चिवट पुडीत दिसते.

हे सगळं झालं तरी मूळ प्रश्न उरतोच: सगळं निघालं का? याचं उत्तर वेळेच्या आलेखातून मिळत नाही. आलेख सपाट झाला याचा अर्थ एवढाच की या द्रावकात, या जोरावर आता पुढे काही निघत नाही. चोथा परत काढून बघा. पहिला अर्क ओतून घ्या, चोथ्यावर नवं 25 मिली द्रावक टाका, पुन्हा तेवढाच वेळ, मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेगवेगळे मोजा. इथे एक फसगत आहे. चोथा स्वतःत थोडा पहिला अर्क धरून ठेवतो. समजा 2 मिली धरला, तर पहिल्यांदा विरघळलेल्या मालाचा 8 टक्के भाग नुसता ओला चोथा घेऊन दुसऱ्या फेरीत गेला. मग दुसऱ्या अर्कात तेवढंच सापडलं तर त्यात नवं काही निघालेलं नाही, तो जुनाच उरलासुरला आहे. चोथा किती धरतो हे वजन करून काढा आणि वजा करा. हे न करता मी पूर्वी अहवालात ‘तीन वेळा अर्क काढणे आवश्यक’ असं ठोकून दिलं होतं. द्रावक वाया गेलं, दुसरं काही नाही.

तुमचे सर रिकव्हरी मागतील. गॅलिक ॲसिड पुडीत टाकून ते किती परत मिळतं ते मोजा, चांगलं आहे, पण त्या आकड्यावर फार भाळू नका. वरून टाकलेलं गॅलिक ॲसिड कणांच्या पृष्ठभागावर असतं, पेशीत अडकलेलं नसतं, ते चुटकीसरशी सुटतं. 98 टक्के रिकव्हरी येईल आणि आतला अर्धा माल तसाच राहिलेला असेल. त्यापेक्षा नुसत्या द्रावकात, सालीशिवाय, प्युनिकॅलॅजिनचं स्टँडर्ड (माहीत असलेल्या प्रमाणातला शुद्ध नमुना) टाकून 60 मिनिटं बाथमध्ये ठेवा. ते कमी झालं तर तुमच्या उताराचं कारण हातात आलं. हे मोजायला एचपीएलसी लागेल. 378 नॅनोमीटरला दोन शिखरं दिसली तर घाबरू नका, प्युनिकॅलॅजिनची अल्फा आणि बीटा अशी दोन रूपं असतात, ते तुटलेलं नाही. नुसत्या फोलिनवर हे कळणार नाही. फोलिन व्हिटॅमिन सीलाही निळं होतं, आणि प्युनिकॅलॅजिन तुटून झालेले तुकडेही तिथे मोजले जातात.

पुडीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण माझ्या अनुभवात आकड्यांची निम्मी भांडणं इथे सुरू होतात. ताज्या सालीत सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, तेव्हा ‘प्रति ग्रॅम’ म्हणजे कोणता ग्रॅम हे आधी ठरवा. पुडीचा ओलावा वेगळा काढा आणि कोरड्या वजनावर बोला. साल उन्हात वाळवली की सावलीत की 40-45 अंशांच्या ओव्हनमध्ये, यावर फिनॉल बदलतात. रसाच्या गाड्यावरून आणलेली साल कापल्यापासून किती तास उघडी होती, यावरही. ती तपकिरी पडते तेव्हा सालीतली एन्झाइम तुमचे फिनॉल खातच असतात. सांगोला-मंगळवेढ्याकडच्या बागायतदाराकडून भगवा वाणाची पाच-सहा फळं एकाच तोडणीची मिळाली तर उत्तम. शिवाय केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तुमच्या दारातच आहे, वाण आणि पक्वता याबद्दल तिथे विचारा. सालीचा लाल बाहेरचा भाग आणि आतला पांढरा गर यांची रसायनं सारखी नाहीत. दळल्यावर गर लवकर बारीक होतो, बाहेरचा भाग जाडसर राहतो आणि पिशवीत दोन्ही वेगळे होऊन बसतात. वरचा अर्धा ग्रॅम आणि तळचा अर्धा ग्रॅम हे दोन वेगळे नमुने झाले. सगळी पूड 60 मेशच्या, म्हणजे 250 मायक्रॉनच्या चाळणीतून जाईपर्यंत दळा. वर उरलेलं फेकू नका, परत दळा. आणि अर्ध्याऐवजी एक ग्रॅम घ्या, द्रावक दुप्पट करा.

प्रबंधात ‘150 वॅट’ असं लिहिणार असाल तर थांबा. ती मागच्या पट्टीवरची वॅट आहे, वीज खाण्याची. पाण्यात किती पोचते ते स्वतः मोजा. टाकीत 2 लिटर पाणी, चालू करा, पहिल्या 5 मिनिटांत किती अंश चढलं ते बघा. समजा 4 अंश चढलं. 2000 गुणिले 4.18 गुणिले 4, म्हणजे 33,440 ज्यूल, भागिले 300 सेकंद, म्हणजे सुमारे 111 वॅट. हा आकडा लिहिलात तर दुसऱ्या बाथवर काम करणाऱ्यालाही तो उपयोगी पडेल. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा हीच मोजणी पुन्हा करा. स्वस्त बाथ असेल तर फरक दिसेल, मग स्टॅबिलायझर लावा. प्रोबपेक्षा तो कितीतरी स्वस्त.

आणि प्रोब? वाईट नाही. 20 किलोहर्ट्झला टायटॅनियमची दांडी थेट द्रावणात बुडते, त्यामुळे जोर बाथच्या कितीतरी पट. मातीसारख्या चिवट नमुन्यांसाठी तोच हवा. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची मातीतल्या सेंद्रिय प्रदूषकांसाठीची 3550 ही पद्धत प्रोबवरच बेतलेली आहे. पण एका वेळी एकच नमुना होतो, दोन नमुन्यांमध्ये टोक नीट धुवावं लागतं, आणि 25 मिली द्रावण दोन-तीन मिनिटांत चांगलंच तापतं. म्हणून बर्फात ठेवून 5 सेकंद चालू, 5 सेकंद बंद असं चालवावं लागतं. टोक झिजतं आणि टायटॅनियमचे कण नमुन्यात उतरतात. फिनॉलला त्याचं काही नाही, धातू मोजणाऱ्याने मात्र लक्षात ठेवावं. ॲसिटोन-हेक्झेनसारख्या द्रावकात दांडी चालवली तर तुषार उडतात, ठिणगीजवळ नकोच. कानांना मफ लावा. तुमच्यासारखे 40-50 नमुने असतील तर नीट बांधलेला बाथ मला जास्त भरवशाचा वाटतो. तुमच्या सरांना जोर हवाय, तुम्हाला हवाय सारखेपणा.

जाता जाता, तुमची मैत्रीण टॉवेलवरच्या फॉर्मल्डिहाइडसाठी हाच बाथ वापरायचा म्हणते, असं शेवटी लिहिलंय. तिला सांगा की तिथे मुळीच नाही. कापडातलं फॉर्मल्डिहाइड मोजायच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ 14184 च्या पहिल्या भागात, 40 अंशांच्या पाण्यात तासभर असं ठरलेलं आहे, आणि तिथे ‘मुक्त’ फॉर्मल्डिहाइडची व्याख्याच त्या पद्धतीने होते. आवाज लावून कापडावरच्या रेझिनमध्ये बांधलेलं जास्त सोडवलंत तर उत्तर जास्त बरोबर होत नाही, ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होतं, आणि मालक टॉवेल निर्यात करणारा असेल तर त्याचं कन्साइनमेंट विनाकारण अडकतं.

उद्या सकाळी पाणी थंड असताना एवढंच करा. फॉइल धरा. मग वेळ 20 मिनिटं ठेवून ‘अ’ आणि ‘क’ यांच्या जागा अदलाबदल करा, बाकी काहीही बदलू नका. कमी आकडा जागेवरच राहिला, म्हणजे आता ‘अ’ खाली गेली, तर खोट टाकीत आहे. आणि ‘क’ नव्या जागीही खालीच राहिली तर नळी बघा, काच जाड आहे का, किंवा वजन करताना पिशवीत शेवटी हात घातल्यावर जी पूड येते तीच दरवेळी तिच्या वाट्याला जाते का. काय निघालं ते फॉइलच्या फोटोसकट इथे टाका.